एक पेपर, एक वर्ष, अर्धा वर्कलोड

महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांच्या कुलगुरूंना खुले पत्र

माननीय कुलगुरू महोदय आणि महोदया,



नवे शैक्षणिक धोरण आपल्याकडे २०२३-२४ मध्ये पदव्युत्तर वर्गांना आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतल्या पदवीच्या पहिल्या वर्षाला लागू झाले. तेव्हापासून मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह हे शब्द स्टाफरूममधल्या चहाच्या कपाबरोबर फिरताहेत. नीट कान दिला तर या सगळ्या चर्चेचा गाभा एवढाच असतो, की कोणाचा वर्कलोड गेला आणि कोणाचा टिकला. तक्रार रास्त आहे, पोटाचा प्रश्न आहे. पण वर्गाचे दार लागल्यावर पुढच्या ४८ मिनिटांत आत काय घडते, त्यातले मुलांच्या डोक्यात किती उतरते, हा विषय अजूनही कोणाच्याच अजेंड्यावर आलेला नाही. अभ्यास मंडळाच्या बैठकीत नाही, विद्या परिषदेत नाही आणि नॅकच्या तयारीत तर मुळीच नाही.

मी एका संलग्न महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालो. आपल्याकडे एकच मागणी घेऊन आलो आहे: संशोधनासाठी फेलोशिप असते तशी शिकवण्यासाठी फेलोशिप सुरू करा. अध्यापकाला एक वर्ष निम्मा वर्कलोड द्या. उरलेल्या वेळात त्याने आपला एकच पेपर हातात घ्यावा, त्यात मुले कुठे अडतात ते शोधावे, शिकवण्याची रीत बदलून पाहावी, फरक पडला का ते मोजावे आणि जे हाती येईल ते तोच पेपर शिकवणाऱ्या इतरांच्या हवाली करावे. जगात ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेत लिली एंडाउमेंट या धर्मादाय संस्थेने नोकरीत नव्याने आलेल्या प्राध्यापकांसाठी १९७४ मध्ये अशी योजना सुरू केली. ओहायो राज्यातल्या मायामी विद्यापीठाने (फ्लोरिडातले ते शहर वेगळे) १९७९ पासून ती आपल्या अंगाने वाढवली. वर्षभरासाठी आठ-दहा तरुण अध्यापक, एक-दोन अनुभवी सोबती, शिकवण्याचा काही भार कमी, प्रत्येकाचा एक प्रकल्प आणि ठरावीक दिवसांनी एकत्र बसणे, एवढाच तिचा सांगाडा. पुढे अनेक विद्यापीठांनी तो उचलला.

आपल्याकडे काय आहे, ते आपण जाणताच. १९८६ च्या धोरणातून अॅकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली. मग त्यांची मानव संसाधन विकास केंद्रे झाली आणि २०२३ पासून ती मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे झाली. पाट्या बदलल्या, आतला कार्यक्रम फारसा बदलला नाही. सहायक प्राध्यापकाला दहाव्या स्तरावरून अकराव्यावर जायचे तर २०१८ च्या यूजीसी नियमांनुसार २१ दिवसांचा ओरिएंटेशन लागतो, शिवाय रिफ्रेशर किंवा तत्सम काही. मी या वर्गांना विद्यार्थी म्हणूनही बसलो आणि पुढे व्याख्याता म्हणूनही गेलो. ते अगदीच वाया जातात असे म्हणणार नाही. दुसऱ्या जिल्ह्यातला आपल्याच विषयाचा माणूस भेटतो, नव्या पुस्तकांची नावे कळतात, घरच्या कटकटीपासून सुटका होते. पण सहभागातून शिक्षण या विषयावर चार तास अखंड भाषण ऐकायचे, समारोपाला प्रमाणपत्र घेऊन फोटो काढायचा आणि सोमवारी कॉलेजात परतून त्याच वेळापत्रकाला जुंपून घ्यायचे, यातून वर्ग कसा बदलावा? परतल्यावर 'काय करून पाहिलंत?' असे विचारायला कोणी येत नाही. कारण करून पाहायला वेळ दिलेलाच नसतो.

वेळ देण्याची कल्पना आपल्या व्यवस्थेला परकी आहे, असेही नाही. यूजीसीच्या पंचवार्षिक योजनांमध्ये एफआयपी ही शिक्षकांसाठीची योजना होतीच. कॉलेजातल्या शिक्षकाला पीएच.डी. पूर्ण करण्यासाठी पगारी रजा मिळायची आणि त्याच्या जागी बदली शिक्षक घेण्यासाठी कॉलेजला अनुदान मिळायचे. माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांची डॉक्टरेट त्यावर झाली. संशोधनाला मोकळा वेळ लागतो, हे सरकारला तेव्हाच पटले होते. शिकवायला मात्र वेळ लागत नाही, ते एम.एस्सी. झाल्यावर आपोआप येते, अशी समजूत तेव्हाही होती आणि आजही आहे.

वेळ नेमका कशाला लागतो, हे एका उदाहरणाने सांगतो. एफवायच्या वर्गात विचारा: एसटी आणि स्कूटर समोरासमोर धडकली. एसटीने स्कूटरवर लावलेले बल जास्त, स्कूटरने एसटीवर लावलेले जास्त, की दोन्ही सारखी? हात वर करायला सांगा. 'एसटीचे जास्त' म्हणणारे हात वर्गभर दिसतील. हीच मुले न्यूटनचा तिसरा नियम घडाघडा म्हणतात, बारावीला त्यावर पूर्ण गुण घेऊन आलेली असतात. इथे गुरुजींनी फळ्याकडे वळून बरोबर उत्तर सांगितले तर मुले ते मुकाट्याने लिहून घेतात आणि पुढच्या वेळी पुन्हा एसटीच्याच बाजूने हात वर करतात. त्याऐवजी म्हणावे, 'शेजाऱ्याला पटवा.' एकदम गलका होतो. 'अरे, स्कूटरचा चुराडा झाला ना!' 'झाला. पण बल सारखंच होतं. स्कूटर हलकी, म्हणून तिचा वेग झटकन बदलला. एसटीला काय फरक पडतोय?' 'मग चुराडा बलाने नाही झाला?' पाच मिनिटांनी पुन्हा हात वर करायला लावले की पारडे फिरलेले असते.

हा प्रश्न माझा नाही. अमेरिकेत अॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या डेव्हिड हेस्टिनीस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बलाच्या समजुतीवर जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात ट्रक आणि मोटारीचा असाच प्रश्न आहे. हेस्टिनीस यांचीच याच प्रकारची आधीची चाचणी हार्वर्डच्या एरिक माझूर यांनी आपल्या विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा तिथली निवडक पोरेसुद्धा अडखळली. शेजाऱ्याला पटवण्याची रीत त्यांनी तिथूनच रुळवली. आपल्या वर्गात या रीतीचा असा एक फायदा आहे, जो हार्वर्डला कधी मिळाला नसता. आपले पुस्तक इंग्रजीत, फळा इंग्रजीत, परीक्षा इंग्रजीत आणि मुलांचे डोके मात्र मराठीत चालते, कुठे अहिराणीत, कुठे वऱ्हाडीत. शेजाऱ्याशी भांडताना ते डोके कामाला लागते. एरवी ते तासभर झोपलेले असते.

आता हिशेब करा. असा एक प्रश्न बसवायचा म्हणजे आधी मुलांच्या मनातली चुकीची समजूत हुडकायची, पर्याय असे रचायचे की प्रत्येक चुकीला तिचा पर्याय सापडावा, प्रश्न वर्गात टाकून पाहायचा आणि बहुतेक वेळा फसला म्हणून पुन्हा रचायचा. संपूर्ण पेपरला असे चाळीस तरी प्रश्न लागतात. आठवड्याला १६ तासिका, प्रात्यक्षिकांची जर्नले, मूल्यांकन केंद्रावर (कॅप) पेपर तपासणी, परीक्षेची ड्युटी, नॅकची फाइल आणि निवडणुकीचे काम सांभाळून हे कोण करणार? उत्साही माणूस दोन-तीन प्रश्न करतो, पोर्शन मागे पडतो, विभागप्रमुख आठवण करून देतात आणि गाडी पुन्हा नोट्स डिक्टेट करण्यावर येते. त्यात त्या माणसाचा दोष किती?

ही रीत खरोखर फळते का, याचाही हिशेब झाला आहे. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के, तर मुलांना वर्गातच विचार करायला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के. एटीकेटीच्या याद्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा फरक किती मोठा आहे ते सांगायला नको.

मात्र आपल्या कामाची खरी गोष्ट कार्ल वीमन यांची आहे. २००१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळवलेला हा माणूस पुढे विद्यापीठात विज्ञान कसे शिकवले जाते, याच्या मागे लागला. २००६ मध्ये त्यांनी कोलोरॅडो विद्यापीठात आणि २००७ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात मोठे प्रकल्प सुरू केले. त्यांनी पैसा विभागांना दिला आणि विभागांनी तो मागायचा तोही स्पर्धेत उतरून, आराखडा मांडून. मग विभागाने आपल्याच विषयातले डॉक्टरेट झालेले तरुण 'टीचिंग फेलो' म्हणून नेमायचे. त्यांनी एकेका प्राध्यापकाबरोबर बसून एकेक पेपर नव्याने उभा करायचा. मुलांना नेमके काय यायला हवे, प्रत्यक्षात काय येते आहे आणि कशाने जास्त येते, या तीन प्रश्नांपलीकडे तत्त्वज्ञान नव्हते. ब्रिटिश कोलंबियातला एक प्रयोग गाजला. साधारण पावणेतीनशे मुलांच्या दोन तुकड्या. एका तुकडीला नावाजलेल्या अनुभवी प्राध्यापकाने नेहमीसारखे शिकवले. दुसरीला त्याच आठवड्यात तोच भाग एका नवशिक्या संशोधकाने शिकवला, पण प्रश्न, चर्चा आणि लगेच प्रतिसाद या पद्धतीने. नंतरच्या चाचणीत पहिल्या तुकडीची सरासरी ४१ टक्के आणि दुसरीची ७४ टक्के.

या प्रयोगावरचा निबंध २०११ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला, तेव्हा त्यावर टीकाही झाली आणि ती मला रास्त वाटते. एका आठवड्याचा प्रयोग, नावीन्याचा उत्साह आणि शिकवणारे हात प्रयोग करणाऱ्यांचेच. म्हणून त्या ७४ चा फार ढोल वाजवू नये. वीमन यांचा पुढचा निष्कर्ष मला जास्त मोलाचा वाटतो: बदल टिकतो तो विभागात, एकट्या-दुकट्या उत्साही माणसात नाही. आणि आड येते ती बढतीची पद्धत, जिच्यात शोधनिबंध मोजले जातात, शिकवणे मोजले जात नाही. आपल्याकडच्या कुठल्याही प्राध्यापकाला हे ऐकून आपल्याच घरातली गोष्ट ऐकल्यासारखे वाटेल.

दुसरा रस्ताही जगात आहे आणि तो आपण घेऊ नये, अशी विनंती. ब्रिटनने २००० मध्ये राष्ट्रीय अध्यापन फेलोशिप सुरू केली. पहिल्या वर्षी २० अध्यापकांना प्रत्येकी ५० हजार पौंड. उत्तम शिक्षकांचा गौरव झाला, त्यात वाईट काही नाही. पण आधीच चांगले शिकवणाऱ्याला बक्षीस देणे वेगळे आणि शिकवण्याच्या कामाला वेळ देणे वेगळे. गौरवाची आपल्याकडे मुळीच टंचाई नाही. आदर्श शिक्षक पुरस्कार, शाल, श्रीफळ, जीवनगौरव, सगळे आहे. फेलोशिप त्या रांगेत जाऊन बसली तर तिच्या निवडीला शिफारशी लागतील, पत्रिका छापल्या जातील आणि वर्ग होता तिथेच राहील. म्हणून माझे मत असे, की ही फेलोशिप शक्यतो नोकरीची पहिली दहा वर्षे पूर्ण न झालेल्यांना मिळावी आणि अर्जात पूर्वीच्या पराक्रमाला एक ओळसुद्धा जागा नसावी. कुठला पेपर, मुले कुठे अडतात, काय करून पाहणार, एवढेच विचारावे. दोन पाने पुरतात.

या योजनांमधली जी गोष्ट आपल्याकडे सर्वांत अवघड जाईल, ती म्हणजे दुसऱ्याला आपल्या वर्गात बसू देणे. स्टॅनफर्डचे ली शुल्मन यांनी १९९३ मध्ये एक निरीक्षण मांडले होते. प्राध्यापक होताना त्यांना वाटले होते की संशोधन एकट्याने करायचे आणि शिकवणे माणसांच्या गराड्यात. अनुभव नेमका उलटा आला. संशोधनाला परिषदा, परीक्षक, टीकाकार, वाचक सगळे असतात. शिकवणारा मात्र वर्गाचे दार लावून एकटा असतो. आपल्याकडे त्या एकटेपणाला 'स्वातंत्र्य' म्हणायची पद्धत पडली आहे. प्राचार्य खिडकीतून डोकावले तरी आम्हाला अपमान वाटतो, आणि खरे सांगायचे तर प्राचार्यही डोकावतात ते मस्टर डोळ्यासमोर ठेवूनच.

यावर एक साधा कागद निघाला आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 'कोपस' नावाने ओळखल्या जाणाऱ्या निरीक्षण पद्धतीत मागच्या बाकावर बसलेला सहकारी दर दोन मिनिटांनी खुणा करतो: या दोन मिनिटांत शिक्षक काय करत होता, मुले काय करत होती. चांगले-वाईट लिहायचे नाही, गुण द्यायचे नाहीत. आपल्या ४८ मिनिटांच्या तासाच्या २४ ओळी होतात. एका सहकारी मॅडमच्या सांगण्यावरून मी त्यांच्या टीवायच्या वर्गात हा कागद घेऊन बसलो होतो. उत्तम शिकवणाऱ्या बाई, अक्षर सुरेख, विषयावर पकड. मुलांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'ऐकतात, लिहून घेतात'च्या खुणा. मध्ये एकदा बाईंनी विचारले, 'समजलं का?' पुढच्या बाकावरून 'हो मॅडम' आले आणि त्या फळ्याकडे वळल्यासुद्धा. तास संपल्यावर कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उभा धरून पाहिला आणि म्हणाल्या, 'सर, एवढा वेळ मी एकटीच बोलत होते?' मी काही बोललो नाही. बोलायचे ते कागद बोलला होता. पुढे काय करायचे हे त्यांचे त्यांनी ठरवले. फेलोशिपच्या वर्षात दोघा फेलोंनी एकमेकांच्या वर्गात आलटून पालटून बसावे आणि हे कागद त्या दोघांतच राहावेत. ते बढतीच्या फाइलला लागले की संपले. दुसऱ्याच दिवशी सगळे कागद 'चर्चा, चर्चा, चर्चा' दाखवू लागतील.

हे सगळे वाचून आपण म्हणाल, 'मग हे पत्र प्राचार्यांना लिहा, आम्हाला कशाला?' तर ऐका. कोलोरॅडोतला प्राध्यापक आपला अभ्यासक्रम आपण आखतो, आपण शिकवतो आणि आपणच प्रश्नपत्रिका काढतो. आपल्या संलग्नतेच्या व्यवस्थेत, स्वायत्त महाविद्यालये सोडली तर, अभ्यासक्रम अभ्यास मंडळ ठरवते, शिकवतो तालुक्याच्या कॉलेजातला शिक्षक, आणि सत्राअखेरचा पेपर काढतो तिसराच कोणी, ज्याला हा वर्ग ठाऊकही नाही. त्या पेपरात 'न्यूटनचे गतीविषयक नियम लिहा' हा प्रश्न येणार, हे मुलांना ठाऊक असते. मग एसटी आणि स्कूटरवर डोके का फोडावे? मुले कामचुकार नसतात, हिशेबी असतात. वर्ग बदलायचा तर पेपर बदलावा लागतो आणि तो अधिकार प्राचार्यांकडे नाही, आपल्याकडे आहे. म्हणूनच वीमन यांचा विभाग आपल्याकडे जसाच्या तसा आणून चालणार नाही. दोन शिक्षकांच्या विभागात, त्यातला एक सीएचबीवर (तासिका तत्त्वावर), बदल कोण आणि कोणाबरोबर करणार? आपल्याकडचे एकक म्हणजे पेपर. तोच पेपर पाच-सहा महाविद्यालयांत शिकवणारे पाच-सहा जण एकाच वेळी फेलो व्हावेत. त्यांनी प्रश्न वाटून घ्यावेत, एकमेकांच्या वर्गांत टाकून पाहावेत. वर्षाअखेरीस अभ्यास मंडळाने त्यांना बोलावून घ्यावे आणि सत्राअखेरच्या प्रश्नपत्रिकेचा काही हिस्सा, समजा २० टक्के, त्यांच्या प्रश्नसंचातून यावा. एवढ्या एका तरतुदीने त्या पेपरचे शिकवणे, फेलो नसलेल्या कॉलेजांतसुद्धा, हलेल. प्रश्नपत्रिका हलली की गाइडवाले हलतात, गाइडवाले हलले की सगळे हलतात.

विज्ञानाचीच उदाहरणे देतो आहे असे वाटू नये, म्हणून कलाशाखेचे एक. महात्मा फुले यांच्या शैक्षणिक कार्यावर टीप लिहा, हा प्रश्न इतिहासाच्या मुलांना तोंडपाठ असतो. १८८२ मध्ये फुल्यांनी हंटर आयोगापुढे दिलेले निवेदन त्यांतल्या कितीजणांनी उघडून पाहिले असेल? रयतेच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, अशी त्यातली तक्रार आहे. सरकारी अनुदानाच्या वर्गात बसलेल्या मुलांपुढे ती तक्रार ठेवली तर तासिका कमी पडतील. पण ते निवेदन वर्गात वाचून घ्यायचे, कुठे थांबायचे, काय विचारायचे आणि उत्तरे कशी तपासायची, हे कोणीतरी आधी करून पाहिलेले हवे. अर्थशास्त्रात मागणीची लवचिकता, वाणिज्यात ताळेबंद, प्रत्येक विषयाची आपली अशी एसटी आणि स्कूटर आहे.

एक धोका आधीच सांगून ठेवतो, कारण तो पहिल्याच सत्रात समोर येईल. हार्वर्डमध्ये झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले, की वर्गात स्वतः झगडावे लागलेल्या मुलांना चाचणीत जास्त येत होते, पण 'आपण जास्त शिकलो' असे वाटत होते ते सफाईदार व्याख्यान ऐकलेल्यांना. झगडणे त्रासाचे असते. सफाईदार नोट्सनी मात्र सगळे कळल्यासारखे वाटते. याचा अर्थ असा, की फेलोच्या वर्गातले विद्यार्थी अभिप्राय पहिल्या वर्षी घसरतील. पालक विचारतील, 'सर नोट्स का देत नाहीत?' अशा वेळी अभिप्रायाचा फॉर्म दाखवून फेलोला समज देणारा विभागप्रमुख भेटला की संपले सगळे. फेलोशिपच्या वर्षातले विद्यार्थी अभिप्राय बढतीसाठी मोजू नयेत, असे आपण लेखी कळवायला हवे. तोंडी आश्वासन आपल्या व्यवस्थेत चालत नाही.

आता पैसा. सहायक प्राध्यापकाच्या १६ तासिकांतल्या ८ कमी करायच्या, तर ३० आठवड्यांत २४० तासिकांची सोय करावी लागते. सहा फेलोंचा एक गट म्हणजे १,४४० तासिका. त्या सीएचबीच्या दराने भरायच्या. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडे परीक्षा शुल्कातून जे जमा होते, त्याच्या पुढे ही रक्कम डोळ्यांतही भरणार नाही. पण इथे मला थांबून एक गोष्ट बोलायची आहे. या २४० तासिका घेणारा सीएचबीवरचा शिक्षक नेट-सेट झालेला, कदाचित पीएच.डी. झालेला, सुट्टीत पगार नसलेला असेल. कायम शिक्षकाला विचार करायला वेळ मिळावा, म्हणून त्याने तासांवर राबायचे, ही व्यवस्था मला पटत नाही. शिवाय अनेक महाविद्यालयांत एफवायचे वर्ग मुख्यतः हेच शिक्षक घेतात. ज्यांच्या हाती पहिले वर्ष, त्यांनाच वगळून शिकवणे सुधारणार कसे? म्हणून प्रत्येक गटात किमान दोन फेलो तासिका तत्त्वावरचे असावेत आणि त्यांना वर्गाबाहेरच्या कामाचे मानधन, वर्षभराच्या लेखी नेमणुकीसह, मिळावे. रिक्त जागांचा मूळ प्रश्न यातून सुटत नाही. तो शासनाकडे मांडणे हे आपलेच काम आहे आणि त्यासाठी वेगळे पत्र लागेल.

मार्गदर्शक कुठून आणायचे, याची फार चिंता नको. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून याच कामात आहे आणि मुलांच्या चुकीच्या समजुतींवरचा त्यांचा अभ्यास जगात वाचला जातो. आयआयटी मुंबईत शैक्षणिक तंत्रज्ञानाचा संशोधन विभाग आहे. तिथल्याच दीपक फाटक सरांच्या पुढाकाराने दहा हजार शिक्षकांना दूरस्थ पद्धतीने शिकवण्याचा प्रकल्प झाला. पुण्याच्या आयसरने ब्रिटनच्या शेफील्ड हॅलम विद्यापीठाबरोबर आपल्या राज्यातल्या विज्ञान शिक्षकांसाठी संशोधनावर आधारलेल्या अध्यापनाच्या कार्यशाळा घेतल्या. राज्य शासनाने अध्यापक विकासासाठी पुण्यात स्वतंत्र संस्थाही काढली आहे. या कार्यशाळांमधून तयार झालेली माणसे आज जिल्ह्या-जिल्ह्यांत आहेत आणि कार्यशाळा संपल्यावर एकटी पडलेली आहेत. त्यांना शोधणे अवघड नाही. एका परिपत्रकाने पुढे येतील.

मला भीती आहे ती वेगळीच. योजना मंजूर होईल, मग तिच्यासाठी समिती, समितीची उपसमिती, पोर्टल, तिमाही अहवालाचा नमुना आणि त्या नमुन्यात 'लाभार्थी विद्यार्थ्यांची संख्या' हा रकाना येईल. फेलोला मिळालेले आठ तास त्या रकान्यांत जातील. यूजीसीने १९७० च्या सुमारास कॉलेजांतले विज्ञान शिक्षण सुधारण्यासाठी कोसिप नावाची योजना आणली होती. तेव्हा घेतलेली उपकरणे आम्ही पुढे कितीतरी वर्षे वापरली. उपकरण डेडस्टॉकला नोंदवता येते, म्हणून ते टिकते. वर्गातला बदल नोंदवता येत नाही. म्हणून मागायचेच असेल तर वर्षाअखेर एकच गोष्ट मागा: त्या पेपरचा प्रश्नसंच, सोबत प्रत्येक प्रश्नावर मुलांची पहिली आणि दुसरी उत्तरे, आणि कुठला प्रश्न का फसला यावर चार ओळी. दुसरा शिक्षक जूनमध्ये ते उचलून वर्गात नेऊ शकला, तर योजनेचे काम झाले.

सुरुवात लहान ठेवा. येत्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाने पहिल्या वर्षाचे तीन पेपर निवडावेत: विज्ञानाचा एक, वाणिज्याचा एक, कलाशाखेचा एक. सर्वाधिक नापास होतात ते निवडावेत. परीक्षा विभागाकडे यादी तयारच असते. प्रत्येक पेपरला सहा फेलो, त्यांतले निम्मे तरी जिल्ह्याच्या ठिकाणाबाहेरच्या महाविद्यालयांतले. शहरातल्या नामांकित कॉलेजांना हे जमले म्हणजे सर्वांना जमेल, असे होत नाही. उलट घडले तर मात्र भरवसा ठेवता येईल. परिपत्रक एप्रिलअखेर निघायला हवे, कारण जूनमध्ये वेळापत्रक एकदा सूचनाफलकावर लागले की कुलगुरूंनी सांगितले तरी कोणाचा तास हलत नाही. बदली शिक्षकाची मान्यता त्याच परिपत्रकात द्यावी. ती वेगळी मागवली तर दिवाळी उजाडते.

अभ्यास मंडळांच्या अध्यक्षांनाही या पत्राची प्रत पाठवत आहे. २० टक्के प्रश्नांच्या बाबतीत पहिली हरकत तिथूनच येईल, असा माझा अंदाज आहे. ती आलीच तर मी समोर बसून बोलायला तयार आहे, माझ्या खर्चाने येईन.



आपला,
पदार्थविज्ञानाचा एक निवृत्त अध्यापक